सटवाईचा पत्ता

मार्च लागला की इथं शिकागोजवळ शॉमबर्गला दुकानांपुढच्या पार्किंग लॉटच्या कडेनं रचलेला बर्फ काळा पडायला लागतो. पांढराशुभ्र असताना त्याचे फोटो सगळेच काढतात, या काळ्या ढिगाऱ्यांकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही. मी बघते. पिशवी काखेत मारून, कुडकुडत, त्या ढिगाऱ्यासमोर उगीच उभी राहते. मग मला ओल्या लोकरीचा वास येतो. ओव्याच्या धुरीचा येतो. रेडिएटरवर वाळत घातलेल्या दुपट्यांचा येतो. यातलं काहीही त्या पार्किंग लॉटमध्ये नसतं, हे मलाही कळतं. अविनाश, म्हणजे माझा नवरा, गाडीत बसून हॉर्न वाजवतो आणि काच खाली करून विचारतो, "शुभदा, बर्फ विकत घ्यायचा आहे का?" नागपूरचा आहे, दिवसाकाठी थट्टा केली नाही तर त्याला अन्न पचत नाही.

यंदा त्या वासात डिंकाचा खराखुरा वास मिसळला होता. आमच्या केतकीचे दिवस भरत आले होते. केतकी आमची एकुलती एक लेक. खाली दक्षिणेकडे अल्फारेटाला राहते, हॉस्पिटलांच्या इमारतींचे नकाशे काढते. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं. मी लाडवांसाठी डिंक तळायला घेतला होता आणि तिचा फोन आला.

"आई, कम टू हेल्प, ओके? नॉट टू इन्स्पेक्ट."

मी म्हटलं, "हो."

फोन ठेवला आणि हातातला झारा तसाच धरून उभी राहिले. मदतीला येणं आणि तपासायला येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असं माझ्या मुलीला वाटतं. असतीलही. पण फार वर्षांपूर्वी, असाच बर्फ काळा पडत असताना, एक बाई माझ्या दारात उभी राहिली होती आणि ती या दोन्हींतलं काय करायला आली होती, हे मला अजूनही सांगता येत नाही. तेवढ्यात डिंक करपला.

तो हिवाळा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा. अविनाश पीएच.डी. करत होता आणि आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका जुन्या वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत राहत होतो. घरातला रेडिएटर मधूनच असा खडखडायचा, की भिंतीत कुणीतरी भांडी घासतंय असं वाटावं. वस्तीत पूर्वी पोलंडहून, इटलीहून आलेले लोक राहायचे. आता मेक्सिकन होते, कृष्णवर्णीय होते आणि मधेमधे आमच्यासारखी, जिन्यात फोडणीचा वास सोडणारी, विद्यार्थ्यांची बिऱ्हाडं.

दोन गल्ल्या सोडून लाल विटांची एक इमारत होती. आम्ही विद्यार्थ्यांच्या बायका तपासून घ्यायला तिथंच जायचो. दारावरच्या दगडात अर्भकांच्या कल्याणाची काहीतरी अक्षरं कोरलेली होती आणि त्याखाली दगडी बाळ मांडीवर घेतलेली एक दगडी बाई. इतक्या हिवाळ्यांनी तिचं नाक गेलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, त्या वस्तीतली तान्ही मुलं उन्हाळ्यात नासलेल्या दुधानं पटापट जायची, तेव्हा हे केंद्र उघडलं होतं. खिडकीतून उकळलेल्या दुधाच्या बाटल्या मिळायच्या, बाळांची वजनं व्हायची आणि नर्सबाया काळ्या बॅगा घेऊन घरोघर जाऊन आयांना शिकवायच्या, की बाळाला अंघोळ कशी घाला, अंगावर किती पाजा, खिडक्या उघड्या ठेवा. हे सगळं मला हेलननं सांगितलं. हेलन तिथं बाहेरच्या खोलीत बसायची, विणकाम करत. पगारी नव्हती, आपली हौसेनं यायची. पोलिश आईबापांची पोर, तिथंच जन्मलेली, तिथंच म्हातारी झालेली.

बाहेरच्या खोलीत त्या काळचे फोटो टांगले होते. लांब घागऱ्यातल्या नर्सा मागच्या लाकडी जिन्यानं वर चाललेल्या. तराजूत एक उघडं बाळ, आणि शेजारी डोक्यावरून शाल घेतलेली त्याची आई. मी माझी पाळी येईपर्यंत त्या आयांचे चेहरे बघत बसायची. एकीच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्यांना हायसं वाटत होतं की त्या घाबरल्या होत्या, काही उमगायचं नाही. कदाचित तेव्हा फोटोसाठी हसायची पद्धत नसेल.

पहिल्याच भेटीत मी घोळ घातला होता. कितवा महिना, असं विचारल्यावर 'सिक्स्थ' म्हणून मोकळी झाले, कारण मला सहावा लागला होता. त्यांच्यात लागलेला महिना धरत नाहीत, भरलेला धरतात. पोट एवढंसंच कसं म्हणून त्या बायकांची धावपळ उडाली. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, सांगलीच्या कॉलेजात पहिली आले होते. पण माझं इंग्रजी नुसतं शब्दांनी इंग्रजी होतं, आतून ते मराठीच होतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीत, दोन बर्फांच्या मधल्या एका उघडिपीत, केतकी झाली. माझ्या आईला व्हिसा मिळाला नाही. बाळंतपण करायला आई नाही, सासू नाही, एक मावशीसुद्धा नाही. अविनाश खिचडी करायला शिकला आणि रोज तीच करायला लागला. नागपूरहून सासूबाईंचा फोन आला. आधी तेलाचं सांगितलं, मग शेकाचं, मग कान बांधून ठेवायचं. लाइन कडकडत होती, त्यातून त्या ओरडून म्हणाल्या, "पाचवी पुजा बरं! कोरा कागद ठेव, पेन ठेव. ती यायची राहत नाही."

ती म्हणजे सटवाई. बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाणारी. झोपेत बाळ हसलं की सटवाई हसवते आणि दचकून रडलं की सटवाईच रडवते, हे ऐकतच आपण सगळे मोठे झालो. त्यावर आमचा विश्वास होता का, असं कुणी विचारलं असतं तर आम्ही दोघंही 'छे' म्हणालो असतो. अविनाश तर देवाचं नाव काढलं की चेष्टाच करायचा. पण त्या संध्याकाळी त्यानं मुकाट्यानं खिडकीत पोळपाट-लाटणं मांडलं, कारण पाटा-वरवंटा नव्हता. घरात कोरा कागद सापडेना. अखेर त्यानं त्याच्या आलेखाचा कागद ठेवला, बारीक चौकटीचा.

"हा कोरा आहे?" मी विचारलं.

"चौकटी असल्या म्हणून काय झालं? अक्षर सरळ येईल तिचं," तो म्हणाला, आणि स्वतःच्या खिशातलं चांगलं निळं बॉलपेन काढून त्यावर ठेवलं. परीक्षेला नेण्यापूर्वी बघतो तसं, चालतंय की नाही ते त्यानं आधी बोटावर रेघ ओढून पाहिलं. मला हसूही आलं आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी दारावर टकटक झाली. अविनाश लॅबला गेला होता. मी साखळी न काढता दार इतकुसं उघडलं. बाहेर एक तरुण नर्स उभी होती, सोनेरी केस, थंडीनं लाल झालेलं नाक आणि हातात काळी बॅग, थेट त्या फोटोतल्यासारखी. "मी मिस हॅन्सन. तुम्ही दोघी कशा आहात ते बघायला आले," असं ती म्हणाली. बघायला. म्हणजे ख्यालीखुशाली विचारायला की बघायला? मी साखळी काढली.

आता तिच्या नजरेनं आमच्या खोलीकडे बघते तेव्हा माझंच मला नवल वाटतं. खोलीभर ओव्या-शेपाचा धूर. मी डोक्याला स्कार्फ गुंडाळून कान बांधलेले. बाळ तेलानं चकचकीत, डोळ्यांत काजळ, गालावर काळी तीट. मिस हॅन्सन आयोवातल्या शेतावर वाढलेली, नोकरीला नुकती लागलेली. खुर्ची ओढून बाळाजवळ बसली, बॅगेतून कागद काढला आणि लिहायला लागली, तर तिचं पेन थंडीनं गोठलेलं. तिनं ते झटकलं, तळव्यात चोळलं. मग इकडे तिकडे बघत खिडकीकडे हात लांबवला.

"मे आय?"

मी मान हलवली. त्या पेनावर दुसऱ्या कुणाचा हक्क आहे, हे इंग्रजीत कसं सांगतात? आणि अशी ती सटवाईच्या पेनानं माझ्या मुलीबद्दल लिहायला लागली.

बाळ झोपतं का, असं तिनं विचारलं. मी उत्साहानं सांगायला लागले. घरात चार दिवस बोलायला बाईमाणूस नव्हतं, तोंडाचा पट्टा सुटला. झोपते, पण मधेच हसते आणि मधेच किंचाळून रडते, म्हटलं. ते सटवाईचं काम.

"हू इज सटवाई?"

"शी मेक्स हर लाफ. शी मेक्स हर क्राय."

मिस हॅन्सननं पेन थांबवलं. "ती इथं राहते?"

"नो, नो. शी कम्स. काल रात्री आली असेल. शी राइट्स ऑन द फोरहेड."

तिनं वाकून बाळाचं कपाळ पाहिलं. मग गालावरची तीट पाहिली. "धिस?"

"नो, दॅट इज मी," मी म्हटलं.

"या बाईंकडे घराची किल्ली आहे?"

"शी डझन्ट नीड."

"त्यांचा पत्ता काय?"

मी विचारात पडले. खरंच विचारात पडले. सटवाईचा पत्ता मला माझ्या आजीनंही सांगितला नव्हता. "नॉट नोन," मी म्हटलं.

मग तिनं बाळाचं दुपटं सोडलं. केतकीच्या कमरेखाली एक निळसर करडा डाग होता, तळहाताएवढा. आपल्याकडे पुष्कळ बाळांना असतो, मोठं होता होता जातो, त्याचं कुणी कौतुक करत नाही की काळजीही करत नाही. मिस हॅन्सनचा चेहरा मात्र उतरला. तिनं डागावर हलकंच बोट टेकवलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "यू डिडन्ट हिट हर?"

"यस," मी म्हटलं.

"यस?"

"यस, यस."

"आणि त्या बाईंनी? शी डिडन्ट हिट हर?"

"यस!" मी हसून म्हटलं. असं कसं कुणी विचारतं बाई, असं मनात म्हणत.

'तू मारलं नाहीस?' याला मराठीत 'हो' म्हणतात. हो, नाही मारलं. समोरच्याचं म्हणणं बरोबर असलं की हो म्हणायचं, एवढा साधा हिशेब. इंग्रजीत तो उलटा आहे, हे सांगलीच्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. मिस हॅन्सन म्हणाली, गुरुवारी बाळाला घेऊन केंद्रात यायचंच, डॉक्टर बघतील, तिच्या वरच्या मोठ्या बाईही असतील. जाताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि पेन बॅगेत टाकून घेऊन गेली.

संध्याकाळी मी अविनाशला सगळं गंमत म्हणून सांगितलं. तो बूट काढत होता. एक बूट हातात धरून तो थांबला.

"तू येस म्हणालीस?"

"मग? नाही मारलं म्हणजे येसच की!"

तो कोटासकट खाली बसला आणि मला समजावून सांगायला लागला. आमच्या ओळखीच्या विद्यार्थ्यांत एक गोष्ट फिरत होती, की कुठल्या तरी कुटुंबाचं मूल सरकारी माणसांनी येऊन उचलून नेलं. खरी होती की खोटी, कुणास ठाऊक. तोवर मी ती गोष्ट दुसऱ्यांची म्हणून ऐकली होती. आता मी केतकीला उचलून छातीशी धरलं आणि खाली ठेवायलाच तयार होईना. माझं बाळ नेतील. मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं आहे, की मारलं. आणि ज्या बाईचा पत्ता नाही, तिनंही मारलं.

दुसऱ्या दिवशी अविनाशनं लॅबमधून केंद्राला फोन केला. मिस हॅन्सन फोनवर आली. त्यानं 'येस'चा घोळ सांगितला. ती म्हणाली, अस्सं, पण डॉक्टरांनी बघायलाच हवं. मग त्यानं सटवाई ही आमची देवता आहे, असंही सांगितलं. त्यावर तिनं विचारलं, "म्हणजे अशी कुणी बाई खरोखर नाही?"

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"इट्स कॉम्प्लिकेटेड म्हणालो."

"कर्म माझं! नाही म्हणून सांगायचं ना सरळ!"

"मग तूच सांग," तो चिडून म्हणाला. "बोल ना, सटवाई नाही. म्हण."

केतकी आमच्या दोघांच्या मधे झोपली होती. जेमतेम आठवड्याची. झोपेत तिचा ओठ हलला, हसली. मी तोंड उघडलं आणि मिटलं. ज्याला सत्यनारायणाचा शिराही देव वजा करून हवा असायचा, तोसुद्धा गप्प. आम्ही दोघं शिकलेली, शहाणीसुरती माणसं आणि एक साधा 'नाही' आमच्या तोंडून बाहेर पडेना. का पडेना, हे आजही मला सांगता यायचं नाही.

गुरुवारपर्यंतचे दिवस मला ओळीनं आठवत नाहीत. धुरीचं भांडं पलंगाखाली लपवलं. खिडक्या उघडून धूर घालवला आणि मग बाळाला गारठा लागेल म्हणून रडत त्या लावून घेतल्या. काजळ पुसलं. तीट पुसली, आणि पुसलेला गाल उघडावाघडा दिसला म्हणून पुन्हा लावायला गेले, पुन्हा पुसली. खिडकीत आलेखाचा कागद तसाच पडला होता, कोरा. त्यावर काहीच उमटलं नव्हतं. लिहिणारीचं पेन घेऊन दुसरीच गेली. मग माझ्या मुलीचं नशीब कुणी लिहिलं? ओली बाळंतीण, झोप नाही, नीट अन्न नाही. डोळा लागला की मला सटवाई दिसायची आणि तिचे केस सोनेरी असायचे.

सव्वा महिना व्हायच्या आत बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नसतो. मी ओलांडला. कान बांधलेले, वरून शाल, पोटाशी केतकी. रस्त्याच्या कडेचा बर्फ काळा पडायला लागला होता. अविनाश माझा दंड धरून चालत होता, आणि घसरत तोच होता.

केंद्रातल्या बाहेरच्या खोलीत हेलननं विणकाम खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघतच राहिली. "अगदी माझ्या आईसारखी दिसतेस," ती म्हणाली आणि भिंतीकडे बोट केलं. तराजूशेजारची शालवाली बाई म्हणजे तिची आई होती. तराजूत बाळ होतं तो तिचा मोठा भाऊ. इतके दिवस त्या फोटोखाली बसून विणत होती, पण हे तिनं मला सांगितलं नव्हतं.

मी घाबरलेय, हे तिला सांगावं लागलं नाही. ती शेजारी येऊन बसली आणि सांगायला लागली. तिची आई बाळाच्या मनगटाला लाल फीत बांधायची, नजर लागू नये म्हणून. नर्स आली की म्हणायची, हे असलं काही नको, आणि फीत सोडून ठेवायची. नर्स जिना उतरली की आई ती पुन्हा बांधायची, पण आता सदऱ्याच्या आत, दंडाला.

"मग तुझ्या आईला ती नर्स आवडायची नाही?" अविनाशनं विचारलं.

"आवडायची नाही कशी? तिच्या दुधावर तर आम्ही जगलो. दर आठवड्याला आई तिच्यासाठी पाव भाजायची," हेलन म्हणाली. "आणि दर आठवड्याला, कोण आहे ते बघितल्याशिवाय दार उघडायची नाही."

मी पुन्हा त्या फोटोकडे पाहिलं. त्या बाळाच्या दंडावर फीत शोधली. फोटो काळा-पांढरा, त्यात काय दिसणार?

आतल्या खोलीत डॉक्टर होत्या, कृष्णवर्णीय, पन्नाशीच्या, चष्मा केसांत खोचलेला. मोठ्या बाई एका बाजूला आणि मिस हॅन्सन दुसऱ्या बाजूला उभी. दुपट्याची गाठ अविनाशनं सोडली. डॉक्टरांनी केतकीला पालथं केलं, डागावर अंगठा दाबला आणि लगेच उचलला.

"हनी, बाहेर जी बाळं बसली आहेत ना, त्यांतल्या निम्म्यांना हा आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या नातवाला तर पाठभर आहे. जन्माचा असतो, जाईल." त्या मिस हॅन्सनकडे वळल्या आणि तिलाही हात लावून दाखवायला लागल्या, की हा दुखत नाही, रंग बदलत नाही, मारल्याचा वेगळा दिसतो. मिस हॅन्सन लालेलाल झाली. आणि मी त्या सगळ्यांसमोर मोठमोठ्यानं रडले. नाक पुसायला रुमाल नव्हता, दुपट्यालाच पुसलं.

"आणि ती बाई?" मिस हॅन्सननं हळूच विचारलं.

"कोण बाई?" डॉक्टर म्हणाल्या.

अविनाश माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. मग मीच म्हटलं, "फॅमिली. शी इज फॅमिली."

"छान," डॉक्टर म्हणाल्या आणि केतकीला गुंडाळून माझ्या हातात दिलं. "आता तुला मदत लागणारच आहे."

मिस हॅन्सन पुढेही येत राहिली, रस्त्यावरचा काळा बर्फ पार वितळून जाईपर्यंत. अंगावर पाजताना मला दुखायचं, ते तिनंच बरं केलं. मी पायांवर घेऊन केतकीला तेल लावायची तेव्हा ती मांडी घालून शेजारी बसायची आणि आमच्या बाळाला इतकं रगडलेलं चालतं का, असं न विचारता बघत राहायची. डिंकाचा लाडू तिला आवडायचा. एकदा मी रडत होते, कशासाठी कोण जाणे, तेव्हा तिनं स्वयंपाकघरात जाऊन आमच्या पातेल्यात चहा केला, अगदी वाईट. ती येणार असली की मी सकाळपासून वाट बघायची. आणि ती येणार असली की सकाळपासून घर आवरायची, काजळाची डबी लपवायची आणि तीट पुसून तळपायाला लावायची, मोज्याच्या आत.

आणि प्रत्येक वेळी, कितीही हसत आली, बाळाशी कितीही लाडानं बोलली, तरी आधी ती केतकीला पालथं करून पाठ बघायची. दर खेपेला. तिचा माझ्यावर विश्वास बसला होता का? की ते तिचं कामच होतं? की इतकं छोटं बाळ समोर आलं, की कुणीही उलटंसुलटं करून बघतंच? मी तिला कधी विचारलं नाही.

शेवटच्या भेटीत केतकी झोपली होती. झोपेत हसली. मिस हॅन्सननं चटकन खोलीत चौफेर नजर टाकली आणि खालच्या आवाजात विचारलं, "इज शी हिअर?" थट्टा नव्हती तिच्या डोळ्यांत. मी म्हटलं, "मे बी." मग तिनं बॅगेतून निळं पेन काढून पोळपाटावर ठेवलं. "हे माझ्याकडेच राहिलं होतं. तुमचं आहे बहुतेक." सटवाईपुढं ठेवलेलं ते आता आमचं नव्हतं, पण मी घेतलं. पुढं तिची बदली झाली म्हणून कळलं. तिचाही पत्ता माझ्याकडे नाही.

अल्फारेटाला बर्फ नसतो. मी पोचले तेव्हा केतकीच्या दारापुढं नासपतीची झाडं पांढरी फुलली होती आणि बाळ घरी येऊन दोन दिवस झाले होते. नात झाली. एका हातात लाडवांचा डबा, दुसऱ्या हातात बॅग, अशी मी दारात उभी. केतकीनं दार अर्धवट उघडलं. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. ती माझ्याकडे आधी बघत राहिली आणि मग बाजूला झाली. ती नजर मला ओळखीची होती. त्या साखळीच्या फटीतून मीच तसं बघितलं होतं.

मी काहीच तपासायचं नाही असं ठरवून आले होते. हात धुतले. लाडू ठेवले. फ्रिज उघडला नाही, उघडावासा फार वाटला. बाळाचं डायपर बदलते म्हटलं आणि बदलताना माझ्या हातांनी तिला कधी पालथं केलं, मला कळलंच नाही. होता. निळसर, कमरेखाली, आईच्या होता तिथंच.

"आई? व्हॉट आर यू लुकिंग फॉर?" केतकी दारात उभी होती.

"काही नाही गं."

ती आत आली आणि बाळाला माझ्या हातातून घेतलं. काढून घेतलं म्हणत नाही, घेतलं. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मला मिस हॅन्सनची आठवण आली. दर खेपेला मी तिच्या हातातून केतकीला किती घाईनं घ्यायची, आणि त्यावर ती काहीच बोलायची नाही.

काजळ लावायचं नाही, हे केतकीनं आल्या आल्या बजावलं. त्यात शिसं असतं, डॉक्टरांनी सांगितलंय. तिचं बरोबरच होतं आणि मी कबूलही केलं. पण दोन दिवसांनी ती अंघोळीला गेली असताना मी दिव्यावर एक बदाम धरला. घरचा बदाम, घरचं तूप, शिसं येणार कुठून? बोटाच्या टोकावर येईल एवढीच काजळी. बाळाचा उजवा मोजा काढला, तळव्यावर एक ठिपका टेकवला आणि मोजा चढवला.

केतकी टॉवेलनं केस पुसत आली. खोलीत जळक्या बदामाचा वास होता. तिनं वास घेतला, बाळाच्या गालाकडे पाहिलं, कपाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, यू डिडन्ट पुट एनिथिंग ऑन हर?"

"हो," मी म्हटलं.

म्हणून गेले आणि माझं मलाच कळेना, की हा 'हो' कुठल्या भाषेतला. मराठीतला असेल तर मी लेकीशी खोटं बोलले होते. इंग्रजीतला असेल तर खरं. केतकी टॉवेल तसाच धरून उभी राहिली. माझे असले 'हो' ऐकतच ती मोठी झाली आहे.

"यस यू डिड," तिनं हळू विचारलं, "ऑर यस यू डिडन्ट?"

मिस हॅन्सननं तेव्हा एवढंच विचारलं असतं तर! मला एकदम रडू आलं.

"लावलंय," मी म्हटलं. "पायाला. बदामाचं."

केतकी पलंगावर बसली. तिनं तो मोजा काढला आणि तो इवलासा तळवा हातात घेऊन बघत राहिली. आता पुसणार, असं मला वाटलं. दमट टॉवेल तिच्या हातातच होता. बाळानं झोपेत पाय ओढून घेतला, ओठ हलवले आणि हसलं. केतकीनं मोजा पुन्हा चढवला आणि घोट्यापर्यंत नीट वर ओढला.

"उद्या चेकअप आहे," ती म्हणाली. चक्क मराठीत. "नर्सला सांगायचं नाही."

"हो," मी म्हटलं.

या खेपेला तिनं कुठला 'हो' ते विचारलं नाही.